पत्रकावरचे आबा

"हा कुणाचा फोटो आहे, ते आधी सांग," पुष्पावन्सं म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी घडी घातलेलं गुलाबी पत्रक काढलं आणि माझ्या परातीशेजारी ठेवलं. पत्रकावर तेलाचा भलामोठा डाग होता.

मी भाकरी थापत होते. हात पिठाचे होते, म्हणून नुसती मान वाकडी करून बघितलं. खरं तर बघायचीही गरज नव्हती. फेटा बांधलेले, ओठ घट्ट मिटलेले, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघणारे आमचे आबा. माझे सासरे आणि वन्संचे वडील.

"आबांचा," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. खाली काय लिहिलंय ते वाच."

तेही मला पाठ होतं, कारण मीच लिहिलं होतं. 'नोकरीमुळे घरातील वडीलधाऱ्यांकडे लक्ष द्यायला जमत नाही? काळजी सोडा. सकाळी आणून सोडा, संध्याकाळी घेऊन जा. मायेने सांभाळू.' त्याखाली आमचा पत्ता आणि फोन नंबर.

"सकाळी आणून सोडा, संध्याकाळी घेऊन जा," वन्संनी मोठ्यानं वाचलं. "माणूस आहे का चपलांचा जोड, शिवायला टाकलेला? आज आमच्या शाळेत भोसलेबाईंनी हा कागद डब्याखाली अंथरला होता. आबांच्या तोंडावर लोणच्याची फोड. मला म्हणतात, पिसाळांचेच ना हे, तुमचे वडील? कुठं ठेवलंय त्यांना? सगळ्या स्टाफरूमसमोर."

आमचे हे, सर्जेराव, बनियनवरच दारात येऊन उभे राहिले होते. मोठ्या बहिणीपुढं त्यांचा आवाज कधीच फुटायचा नाही. आबा बाहेर पायरीवर बसून शेंगा फोडत होते. ते तिथूनच म्हणाले, "बरा आलाय की फोटू. सकाळपास्नं दोघांनी इचारलं, आबा, फेटा कुणी बांधला म्हणून."

"आबा, तुम्ही गप्प बसा," वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला काय कळतंय, तुमचं काय केलंय ते."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कराडात सोमवार पेठेत आमचं तीन खोल्यांचं घर होतं, अजून आहे. मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मावशी म्हणून कामाला होते. बाई थकल्या, दवाखाना बंद करून मुलाकडं पुण्याला गेल्या, आणि माझं काम गेलं. यांना छापखान्यात मशीनवर मिळायचं त्यात घर कसंबसं चालायचं. पण दवाखान्यात असताना एक गोष्ट मी सारखी ऐकली होती. येणारी प्रत्येक दुसरी बाई विचारायची, मंदाताई, आमच्या सासूबाईंना दिवसभर बघायला कुणी मिळेल का हो, आम्ही दोघंही कामाला जातो. मला ते काम येत होतं. म्हाताऱ्या माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, रागावलेल्याला घास कसा भरवायचा, कुणाला किती वेळानं उठवून न्यायचं, सगळं. मी म्हटलं, घरोघर हिंडण्यापेक्षा बाहेरच्या खोलीत दोन खाटा टाकू, आरामखुर्ची ठेवू, लोक आपणहून आणून सोडतील.

ज्याला सांगितलं त्यानं मान डोलावली. फार चांगली कल्पना आहे, याची फार गरज आहे. जी बाई हे म्हणाली, तिच्या घरात अंथरुणाला खिळलेला सासरा होता. ती काही आली नाही. कुणीच आलं नाही.

सुरुवातीला बोर्ड रंगवून घेतला. 'सावली – ज्येष्ठांसाठी दिवसभराची सोय.' तो लावून आठवडा झाला नसेल, शेजारचे मानेभाऊ आले. पोरीला बघायला पाहुणे येणार होते. "वहिनी, चार दिवस उतरवाल का? नाही, म्हणजे, वृद्धाश्रमाच्या शेजारची पोरगी म्हणतील." उतरवला. पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, पसंती कळवली नाही. मग दुसरे पाहुणे आले. मानेभाऊंनी बोर्डाचं नाव काढलं की हे निमूटपणे स्टूल घेऊन बाहेर जायचे. शेवटी शेवटी तर बोर्ड खाटेखालीच असायचा.

मग पत्रकं छापायची ठरली. छापखान्यातला उरलासुरला कागद शेठ यांना असाच द्यायचे, म्हणजे खर्च फक्त शाईचा. त्या वेळी उरली होती ती दशक्रियेची कार्डं. पांढरीशुभ्र, चांगल्या जाडीची, पण काठाला काळी रेघ. हे म्हणाले, काठ कापून टाकू, कुणाला कळत नाही. मशीनवर गठ्ठा सरकला आणि निम्म्या कार्डांवर एका बाजूची रेघ तशीच राहिली. घरोघर टाकल्यावर पहिला फोन आला तो एका माणसाचा. घाबऱ्या आवाजात विचारत होता, पिसाळांच्यातलं कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, मग दहावा कुणाचा आहे?

केबलवर पट्टी फिरवून बघितली. मूळव्याधीचं औषध आणि हरवलेली म्हैस यांच्यामधनं आमची 'सावली' सरकत जायची. ती नीट वाचता यावी म्हणून मी टीव्हीसमोर बसून राहायचे. फोन मात्र आले. एकानं विचारलं, कायमचं ठेवून घेता का. एका बाईला गावाला जायचं होतं, तिनं विचारलं, आमचं कुत्रं ठेवाल का, अगदी गरीब आहे. एका पोरीला कामच पाहिजे होतं. प्रत्येक वेळी फोन वाजला की मी धावत जायचे, पदराला हात पुसत आवाज गोड करायचे, आणि फोन ठेवला की कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटायची. कुणाच्या, ते कळायचं नाही.

तेव्हा शेठच म्हणाले की जाहिरातीत माणसाचा चेहरा पाहिजे. हसरा, तृप्त म्हातारा माणूस. तसले फोटो विकत मिळतात म्हणे, पण ते आपल्याला कुठून परवडणार. आबा भाकरी खात ऐकत होते. ते म्हणाले, "मला घ्या की."

आबा जन्मभर गवंडीकाम केलेले. गावातल्या निम्म्या जुन्या घरांच्या पायऱ्या त्यांच्या हातच्या. त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतला फेटा काढला, शेजारच्या गल्लीतल्या कुणाकडून तरी बांधून घेतला आणि स्टुडिओत जाऊन बसले. फोटोवाल्यानं लाख सांगितलं, आबा, हसा. आबा म्हणाले, "उगंच कशाला हसू? येड्यावानी दिसंल." तसाच फोटो निघाला. गुलाबी कागदावर छापला आणि सकाळच्या पेपरांत घालून गावभर पाठवला.

आणि त्या सगळ्याचं फळ म्हणून आता वन्सं माझ्या ओट्यापाशी उभ्या होत्या.

"मी आबांना घेऊन चाललेय," त्या म्हणाल्या. "राहू देत माझ्याकडं. गावाला कळू दे, त्यांना मुलगी आहे."

"वन्सं, आबा इथंच आहेत की. त्यांना कुठं ठेवलंय आम्ही?"

"मग पत्रकावर कशाला ठेवलंस?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते असं सरळ सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला पगार आहे, माझ्या हातात काही नाही, हे मी कसं बोलणार. तव्यावरची भाकरी करपली. मी ती उलटलीसुद्धा नाही.

आबांनी शेंगांची टरफलं गोळा केली, धोतर झटकलं. जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "जातो चार दिस. तिचा जीव थंड हुईल." पिशवीत एक सदरा, चष्मा आणि पत्त्यांचा जोड एवढंच घेतलं. रिक्षात बसताना त्यांनी मागं वळून बघितलं, तेव्हा वन्सं रिक्षावाल्याशी वाद घालत होत्या.

ते गेल्यावर यांनी खाटेखालचा बोर्ड काढला आणि मागच्या अंगणात भिंतीला उलटा लावून ठेवला. मंडईजवळच्या कापडदुकानात साड्यांच्या घड्या घालायला बाई पाहिजे होती, तिथं जाऊन विचारून आले. मालक म्हणाले, सोमवारपासून या. येताना मंडईत एक बाई मिरच्या मापत होती. पुडी बांधायला तिनं शेजारचा कागद ओढला, तो गुलाबी होता. मी मिरच्या न घेताच पुढं गेले.

दोन-तीन दिवसांनी, दुपारी, दारात कुणीतरी "पिसाळ इथंच का?" म्हणून विचारलं.

सत्तरी ओलांडलेल्या बाई होत्या. स्वच्छ नऊवारी, हातात कापडी पिशवी, पायात मऊ तळव्यांच्या डॉक्टरी चपला. उन्हातून चालत आल्यानं चेहरा लाल झाला होता. मी पुढं होऊन त्यांचा दंड धरला आणि आरामखुर्चीत बसवलं. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग पिशवीतून आमचं पत्रक काढलं.

"हे कुठं आहेत?" फोटोवर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"आबा? ते लेकीकडं गेलेत."

"हं." त्यांनी पत्रक परत घडी घालून ठेवलं. "फोटो दाखवत दाखवत आले. सगळे म्हणाले, आबा गवंडी व्हय, सरळ जावा. मी म्हटलं, हा माणूस काही गोडगोड बोलायचा नाही. याच्याशी दोन डाव खेळता येतील."

त्यांचं नाव अनसूयाबाई मोहिते. मुलगा, सून दोघंही नोकरीला, नातू कॉलेजला. बोलताना त्या खोलीभर नजर फिरवत होत्या. खाटांवरच्या चादरी, कोपऱ्यातलं औषधांचं कपाट, मी मुद्दाम आणून ठेवलेली चाकाची खुर्ची.

"एवढं सगळं कशाला मांडलंय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे कुणाला गरज लागली तर. सांभाळायचं म्हणजे..."

"मला सांभाळायला कोण पाहिजे? माझं मी करते सगळं. मला बसायला जागा पाहिजे. कुणी बोलणारं पाहिजे. घरात टीव्ही आहे, पण तो माझं ऐकत नाही."

मी चहा ठेवला. त्यांनी कप हातात घेतला आणि बशीत ओतून सावकाश प्यायल्या. मग म्हणाल्या, "एक सांगू का, राग मानू नका. हे तुम्ही माझ्या मुलाला लिहिलंय. त्यानं सकाळी पेपर उघडला, हे वाचलं, आणि मला दिसू नये म्हणून रद्दीत खाली सारलं. मी रद्दी नीट लावताना मला सापडलं. त्याला वाटलं, आई बघेल आणि म्हणेल, तुला मी जड झाले का. आणि मला वाटलं, मी जायचं म्हटलं तर तो म्हणेल, तुला इथं काय कमी आहे. म्हणून देवळात जाते सांगून आले."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून राहिले. इतके दिवस माझ्या डोक्यात एकच बाई होती, नोकरीला जाणारी, दमलेली, घरात म्हातारं माणूस असलेली. मी तिच्याशी बोलत होते. बोर्डवर तिच्याशी, केबलवर तिच्याशी. खाटेवर कोण बसणार आहे, त्याला मी एक शब्द विचारला नव्हता. पण हे सगळं मला नंतर, रात्री भांडी घासताना सुचलं. त्या वेळी नुसता संताप आला. एवढ्या महिन्यांनी कुणीतरी दारात आलं, आणि तेही चूक दाखवायला.

इतक्यात बाहेर स्कूटर थांबली. पन्नाशीचा, बारीक अंगाचा गृहस्थ घाईनं आत आला. अनसूयाबाईंना बघितल्यावर त्यानं भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटून घेतले.

"आई, सगळी देवळं पालथी घातली. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, कुणाचा तरी फोटो दाखवत इकडं गेलीस म्हणून."

"नीट टेकले नाही, तेवढ्यात आलास बघ," अनसूयाबाई त्याला म्हणाल्या.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, आम्ही आईचं काही कमी करत नाही हो. तिच्या खोलीत पंखा, टीव्ही, सगळं आहे. लोकांना कळलं तर काय म्हणतील, मुलानं दिवसा बाहेर ठेवली." मग तो म्हणाला, "परत आली तर मला तेवढा फोन करा. तुमचा नंबर आहे का?" त्यानं आईच्या पिशवीतलं पत्रक काढून त्यावरचा नंबर मोबाइलमध्ये टिपून घेतला. आमच्या पत्रकाचा आजवर झालेला उपयोग तेवढाच.

अनसूयाबाई गुमान उठल्या. दारात मात्र थांबून म्हणाल्या, "ते आले की सांगा, मला रमी येते."

दुसऱ्या दिवशी मी विद्यानगरला वन्संच्या घरी गेले. कशासाठी, ते माझं मलाही नीट माहीत नव्हतं. आबांना आणायला म्हणावं तर आणून काय करणार होते. सोमवारपासून मीच घरात नसणार.

वन्संचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. वर गेले तर लाकडी दार उघडं होतं, पण बाहेरच्या लोखंडी जाळीला कुलूप होतं. आणि जाळीच्या आत, दारातच खुर्ची टाकून, आबा बसले होते. मांडीवर पत्ते मांडून एकटेच खेळत होते.

"मंदा? कधी आलीस?" ते उठायला लागले.

"बसा, आबा. कुलूप कुणी लावलंय?"

"पुष्पानं. सारखी चोरी हुतीय म्हणं हिकडं. मला डोळा लागला की दार उघडं ऱ्हातंय. तिचंबी बरोबर हाय." ते परत बसले. "नवरा-बायकू दोघंबी शाळंत जात्यात. चावी खालच्या बाईकडं असती. मागू नगं. दुसऱ्याच्या हातात ती देत न्हाई, अन् तिला जिना चढायचा त्रास हाय."

मी जाळीबाहेर जमिनीवर बसले. खाली जाणारी-येणारी माणसं वर बघत होती. आबांनी विचारलं, घरी काय चाललंय, आणि मी त्यांना अनसूयाबाईंचं सगळं सांगितलं. रद्दीचं, देवळाचं, रमीचं. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला.

"लोकांना पाहिजे तर असतं, आबा, पण घ्यायचं नसतं. मुलाला आईसमोर तोंड दाखवायचंय, आईला मुलासमोर. आणि मी मधल्यामधी बोर्ड वर-खाली करत बसलेय. बास झालं. मी दुकानात जाणार सोमवारपासून."

आबांनी पत्ते गोळा केले.

"पत्रक छापायच्या आधी मला वाचून दावलं हुतंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"फोटू माझा घेतलास. फेटा माझा. अन् खाली तू लिवलंस, आणून सोडा. मला गावभर वाटल्यावर कळलं, पानवाल्यानं वाचून दावलं तवा. मी म्हटलं, जाऊ दे, पोरगी मर मर मरतीय, कशाला बोला." ते हे रागानं म्हणत नव्हते. "आता लिव. कागद हाय का?"

पिशवीत वाण्याची चिठ्ठी होती. तिच्या मागच्या बाजूवर मी लिहून घेतलं. आबा जाळीच्या आतून एकेक वाक्य सांगत होते, गवंड्याला वीट मागावी तसं, एक नीट बसली की दुसरी.

'घरी बसून कंटाळा आला असेल तर या. मीही बसूनच असतो. आमच्याकडे चहा मिळतो, पत्ते आहेत, दुपारी पडायला खाट आहे. कुणाला बरं वाटेनासं झालं तर सून दवाखान्यात काम केलेली आहे. पोरांची परवानगी काढत बसू नका, त्यांना नंतर सांगू. आबा पिसाळ, सोमवार पेठ.'

"पैशाचं काय लिहू?" मी विचारलं.

"ते तू त्यांच्या पोरांशी बोल. माझ्या नावावर पैशाचं नगं."

आम्ही तसेच बोलत होतो आणि जिन्यावर पावलं वाजली. पुष्पावन्सं वर आल्या. खांद्याला पर्स, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. मी जाळीबाहेर जमिनीवर, आबा जाळीच्या आत खुर्चीवर, आणि समोरच्या फ्लॅटची बाई दार किलकिलं करून बघत होती. वन्संनी ते सगळं एका नजरेत बघितलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

त्यांनी पर्समधून चावी काढली. कुलपात ती नीट बसेना, वह्या हातातून निसटून जिन्यावर पसरल्या. मी गोळा करायला वाकले. त्या वाकल्या नाहीत. कुलूप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी काय करू, मंदा? नोकरी सोडू? निवृत्तीला अजून अवकाश आहे, पोरांची शिक्षणं आहेत. मला काय हौस आहे का त्यांना कोंडून ठेवायची?"

त्या दमल्या होत्या. शाळेतून उन्हात चालत आल्या होत्या, केसातला गजरा सुकून गेला होता. दवाखान्यात येऊन माझा हात धरून जी बाई विचारायची, दिवसभर बघायला कुणी मिळेल का हो, ती अशीच दिसायची. एवढे महिने गावभर पत्रकं वाटून मी जिला शोधत होते ती माझी सख्खी नणंद निघाली.

आबा म्हणाले, "पुष्पे, मी जातो आता. रागवून न्हाई जात. तुझ्या घरात मला सगळं मिळालं. पण हिथं रमीला चौथं माणूस न्हाई. दुसरं न्हाई तर चौथं कुठलं."

"लोक काय म्हणतील, आबा?"

"म्हणत्याल, म्हातारं पत्तं खेळतंय."

वन्सं आत गेल्या. पाचेक मिनिटांनी आबांची पिशवी भरून घेऊन आल्या. सदरा धुऊन, इस्त्री करून घडी घातलेला होता. पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली, जिन्यातून खाली सोडायला मात्र आल्या नाहीत. त्यानंतर दर रविवारी त्या येतात, आबा होते तोवर आल्या आणि अजूनही येतात, पण त्या दिवसाचा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही.

आबांचं पत्रक छापलं तेव्हा छापखान्यात कसलाच रंगीत कागद उरला नव्हता. वर्तमानपत्राच्या साध्या कागदावर काढलं, फोटोशिवाय. वाटायचं काम आबांनी स्वतःकडं घेतलं. पेन्शनीच्या दिवशी बँकेच्या पायऱ्यांवर बसले, संध्याकाळी घाटावर गेले, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या बाकावर जाऊन बसले, डोळे तपासायचे नसताना. पांढऱ्या केसांच्या माणसालाच कागद द्यायचा, हा त्यांचा नियम. एकदा हे वाटायला गेले आणि एका तरुण पोराच्या हातात दिला, तर आबांनी तो परत काढून घेतला.

सोमवारी मी दुकानात गेलेच. तसं ठरलं होतं, आणि आबांच्या कागदावर माझा विश्वास नव्हता. दोन दिवस साड्यांच्या घड्या घातल्या. तिसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती म्हणून मी घरी होते, आणि सकाळीच अनसूयाबाई आल्या, हातात कुणीतरी दिलेला आबांचा नवा कागद. त्यांना सोडायला आलेला मुलगा कोपऱ्यावरच स्कूटरवर बसून होता, आमच्या दाराकडं न बघता. आईला उघडपणे आमच्या दारात सोडायला त्याला अजून बरेच महिने लागायचे होते.

मी पुढं होऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"चालता येतं मला," त्या म्हणाल्या. आबांच्या समोर जाऊन खाटेवर मांडी घालून बसल्या. चाकाची खुर्ची मधे येत होती, ती आबांनी पायानं बाजूला सारली.

"तुम्हीच का ते?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"म्या व्हय. पानं तुम्ही वाटा."

मी तिथंच उभी. कुणाला पाणी द्यायचं, कुणाची उशी सारखी करायची, कुणाचा रक्तदाब बघायचा, सगळं माझ्या हातात तयार होतं. आबांनी पानं उचलता उचलता वर बघितलं.

"मंदा, तू तुझं काम बघ जा. आम्ही बसतो हितं."

माझं काम म्हणजे हेच होतं. इतके महिने मी गिऱ्हाइकाची वाट बघत होते, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला मी नकोच होते. मी स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवलं. गॅस पेटवताना काडी दोनदा विझली. बाहेर आबा काहीतरी बोलले आणि अनसूयाबाई मोठ्यानं हसल्या. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी असं हसलं होतं.

"साखर कमी घाला हो माझ्यात," बाहेरून त्यांचा आवाज आला. "आणि एक कप जास्त टाका. माझ्या शेजारणीला सांगून आलेय, सून आंघोळीला गेली की नीघ म्हणून."